खरी मालिका कोणती लावू, सर?

वेरूळला सहल नेली की लेण्यांआधी मी पोरांना भोसल्यांच्या गढीवर थांबवतो, आणि दर वेळी त्यांचा हिरमोड होतो. समोर असतात पायाचे दगड, पडक्या भिंती आणि शहाजीराजांचा पुतळा. गेल्या हिवाळ्यात पाचवीतला एक जण सगळीकडं फिरला, भिंतीच्या कडेनं पावलं मोजली आणि येऊन तक्रार केली, "सर, टीव्हीत तर लई मोठा वाडा होता. झुंबर पण होतं."

त्याच पोराच्या आईचा नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. सुट्टीत रोज अर्धा-पाऊण तास, एकच मालिका लावायचीय, फोनवर सगळ्याच सापडतात, तर खरी कोणती? असा प्रश्न दरवर्षी दोन-तीन घरांतून येतो, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

झुंबराचं मी फार मनावर घेत नाही. सेट भपकेबाज असणारच. मी बघतो ते वेगळं. राजघराण्याच्या गोष्टीत काही ठिकाणी पत्रं, बखरी, परक्यांच्या नोंदी भरपूर असतात आणि काही ठिकाणी कागद एकदम गप्प होतो. त्या गप्प जागेत मालिका काय भरते, यावर माझी पसंती ठरते.

'राजा शिवछत्रपती' 2008 मध्ये स्टार प्रवाहवर आली. अमोल कोल्हे शिवाजी महाराज, मृणाल कुलकर्णी जिजाऊ, निर्मिती नितीन चंद्रकांत देसाई यांची. हिचं नशीब असं की विषयच कागदांनी भरलेला. अफझलखानाची भेट 1659 ची, शायिस्ताखानावरचा छापा 1663 चा, आग्रा 1666 चं, राज्याभिषेक 6 जून 1674 चा. सभासदाची बखर आहे, परमानंदाचं संस्कृत काव्य आहे, राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाची नोंद आहे. एक प्रसंग संपला की दुसरा तयार, त्यामुळं लेखकाला पदरचं घालायची गरज कमी पडते. तरी दोन जागी पोरांना थांबवून सांगा. एक, आग्र्याच्या दरबारात महाराज संतापले ते प्रकरण जयपूरच्या वकिलांच्या त्या वेळच्या पत्रांत तपशिलानं आहे. पेटाऱ्यांतून निसटण्याबद्दल मात्र इतिहासकारांत मतभेद आहेत. दुसरी जागा दादोजी कोंडदेवांची. शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार बघणारे दादोजी हे पक्कं. ते गुरू होते का, हा वाद आहे, आणि तो वाद आहे एवढंच पोराला कळलं तरी पुष्कळ.

एक पत्र मला कुठल्याच मालिकेत बघितल्याचं आठवत नाही. चिपळूणकडं छावणीला असलेल्या लष्कराला 1673 च्या सुमारास महाराजांनी लिहिलेलं. रयतेकडून दाणे, गवत, भाजी ओरबाडू नका, हा भाग पुष्कळांना माहीत असतो. पण त्याच पत्रात पुढं काळजी आहे की रात्री दिवे तसेच ठेवाल, उंदीर पेटती वात पळवून नेईल, गंजीला आग लागेल, वैरण जळेल, घोडी उपाशी मरतील. राजा उंदराचा विचार करतोय! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात, कारण कडब्याची गंजी पेटलेली त्यांनी पाहिलेली असते.

आता 'स्वराज्यरक्षक संभाजी'. झी मराठीवर सप्टेंबर 2017 ते फेब्रुवारी 2020. जवळपास अडीच वर्षं, आणि संभाजीराजांची कारकीर्दच नऊ वर्षांच्या आतबाहेरची. या मालिकेचं मोठं काम मी आधी मान्य करतो. जुन्या नाटकांनी संभाजीराजांना व्यसनी, उनाड करून ठेवलं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी 1960 मध्ये चरित्र छापलं, पुढं कमल गोखले यांनी अभ्यास केला, आणि अभ्यासकांपुरतं ते चित्र बदललं. घराघरात बदललं ते या मालिकेनं. आमच्या गावात पारावरच्या म्हाताऱ्यांचं मत फिरलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण रोजचा भाग भरायचा म्हटल्यावर रायगडाच्या आतल्या दालनात सासू-सुनांच्या मालिकेचं वारं शिरलंच. सोयराबाईंचंच बघा. त्यांच्या मुलाला, राजारामांना, गादीवर बसवायचा डाव झाला, कारभारी अण्णाजी दत्तो त्यात होते, 1681 मध्ये त्यांना मृत्युदंड झाला, हे सगळं इतिहासात आहे. मालिकेनं सोयराबाईंना जी महिनोन्‌महिने कपाळावर आठ्या घालून फिरवली, तिला आधार कशाचा? खुद्द संभाजीराजांचं 1680 चं एक संस्कृत दानपत्र आहे. त्यात या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ म्हटलंय आणि ते कलुषित केल्याचा दोष कारभाऱ्यांवर टाकलाय. मुलगाच असं लिहून ठेवतो, आणि आपण मात्र तिला खलनायिका करून मोकळे. माझी या मालिकेवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच.

दहावीच्या पुढच्या पोरांना मात्र ती जरूर दाखवा, आणि डिसेंबर 1678 चा भाग आला की शेजारी बसा. संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडं गेले आणि वर्षभरानं परत आले. मधल्या काळात भूपाळगड पडला, कैदेत पडलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला गेला. हा तिढा मालिका कसा सोडवते ते बघा आणि पोराला विचारा, तुला पटलं का.

आपल्याकडच्या माणसाला या मालिकेत आणखी एक गंमत आहे. कॅमेरा सारखा रायगडावर, पण औरंगजेब बादशहा 1682 मध्ये येऊन बसला होता आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. शहराभोवतीचा तट त्याच साली मराठ्यांच्या धाकानं बांधला गेला. दिल्ली दरवाजातून रोज रिक्षा जाते, आपण वरही बघत नाही. मालिकांतला औरंगजेब सोन्या-मोत्यांत बसलेला असतो. खुलताबादला त्याची कबर बघा. वर छत नाही, मधोमध माती, त्यात सब्जाचं रोप. संगमरवरी जाळीसुद्धा पुढं निजामाच्या काळात बसवलेली. सहलीत ही कबर आणि गढी एकाच दिवशी होतात.

भाषेचं सांगायलाच हवं, कारण दोन्ही मालिकांत खोट तीच. मराठे बोलतात संस्कृतनं न्हाऊन निघालेली मराठी आणि खान बोलतात हिंदी सिनेमातलं उर्दू. महाराजांची खरी पत्रं 'मशहुरुल अनाम' अशा मायन्यानं सुरू होतात आणि फारसी शब्दांनी गच्च असतात. म्हणून तर फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. आपल्याकडं निजामी राजवट 1948 पर्यंत होती. आपली आजी अजून 'दस्त', 'मुद्दाम', 'हैराण' सहज म्हणते. तिला ती पत्रं वाचून दाखवली तर मालिकेतल्या संवादांपेक्षा जवळची वाटतील, याची मला खात्री आहे.

'पुण्यश्लोक अहिल्याबाई' ही सोनीवरची हिंदी मालिका, जानेवारी 2021 पासूनची. चौंडी आपल्या बीडच्या शिवेला लागून, म्हणून बायकांचा हिच्यावर जीव. माझा नाही बसला. अहिल्याबाईंच्या बालपणाबद्दल कागद जवळजवळ काहीच सांगत नाहीत, आणि मालिका सुरुवातीचे कित्येक महिने तिथंच रमते. गप्प जागेत गोड मुलगी आणि कजाग नातेवाईक. उलट 1767 ते 1795 हा कारभाराचा काळ पत्रांनी भरलेला. राघोबादादा इंदूरवर चालून आले तेव्हा बाईंनी त्यांना कसं परतवलं, एवढ्यावर एक महिना निघाला असता. लहान पोरीला चालेल, बघू द्या. बाकी घरानं मालिकेचा वेळ प्रवासाला द्यावा. घृष्णेश्वर, परळी वैजनाथ, औंढा नागनाथ, तिन्हींच्या जीर्णोद्धारात बाईंचा हात आहे आणि तिन्ही मराठवाड्यात आहेत.

'जोधा अकबर' ही झी टीव्हीवरची 2013 ची, अजून लोक बघतात. अकबरनाम्यात जोधा हे नावच नाही. पुढं बोलायला नको.

'भारत एक खोज' मात्र वेगळ्याच जातीची. दूरदर्शन, 1988, श्याम बेनेगल, एकूण 53 भाग, त्यात शिवाजी महाराज नसीरुद्दीन शाह. महाराजांचा विषय थोडक्यात आटोपलाय. सेट साधे, चाल संथ, रंग उडालेले. पण रोशन सेठ नेहरू होऊन अधूनमधून बोलायला लागतात, आणि ही एका माणसानं तुरुंगात बसून लिहिलेल्या पुस्तकातली नजर आहे, हे बघणाऱ्याला सतत दिसत राहतं. दुसरी कुठली मालिका एवढी उघड वागत नाही. अडचण एकच, पाचवीतलं पोरगं दहा मिनिटांत उठून जातं. माझं स्वतःचं गेलं.

कॉलेजातल्या पोरी मला 'द क्राउन'बद्दल विचारतात. इंग्लंडच्या राणीवरचे 60 भाग, 2016 ते 2023. तिथं तर वर्तमानपत्रं, फोटो, जिवंत साक्षीदार सगळं होतं. तरी 1982 मध्ये मायकल फेगन नावाचा बेकार माणूस राजवाड्यात घुसून राणीच्या शयनकक्षात पोचला, त्या प्रसंगात मालिकेनं दोघांचं लांबलचक संभाषण घातलं. फेगन स्वतः म्हणाला, असं बोलणं झालंच नाही, राणी लगेच निघून गेली. ही काल्पनिक मांडणी आहे असा उल्लेख नेटफ्लिक्सनं 2022 मध्ये नव्या झलकीखाली टाकला, तोही बरीच ओरड झाल्यावर. अभिनय बघायला उत्तम. इतिहासासाठी नको. आपल्या मालिकांवर चिडणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी बघावी की हे दुखणं मराठीपुरतं नाही.

तर त्या आईला मी 'राजा शिवछत्रपती' लावायला सांगितली. चौथीत पुस्तकात वाचलेलंच असल्यानं पोरगं स्वतःच ताडून बघतं, हा फायदा. थोरल्या बहिणीला संभाजीराजांची, पण आठवड्याला दोनच भाग, आणि सोयराबाई आल्या की दानपत्राची आठवण द्यायची. बाबांना रात्री 'भारत एक खोज'.

परवा त्यांचा निरोप आला. पोरगं रोज बघायलंय. उंदराचं पत्र कोणत्या भागात येतं, असं विचारायलंय.