रिस्ट स्ट्रॅप, मॅट की आयोनायझर: आधी काय घ्यावं?

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांना स्टॅटिकपासून, म्हणजे अंगावर आणि वस्तूंवर साठणाऱ्या विजेच्या चार्जपासून, जपायचं म्हणून साहित्य शोधायला लागलं की तारेचा रिस्ट स्ट्रॅप (मनगटाला बांधायचा पट्टा), बिनतारी स्ट्रॅप, टेबलावर अंथरायची मॅट आणि आयोनायझर (हवेत आयन सोडून चार्ज घालवणारं यंत्र) अशा चार गोष्टी समोर येतात. चारही एकदम लागत नाहीत, आणि एक तर घ्यायचीच नसते.

हाताला झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. काही चिप १०० व्होल्टच्या आतही जातात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवलं नाही तरी नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. त्यातही अर्धवट दुखावलेली चिप जास्त वाईट, कारण ती चाचणीत पास होते आणि पुढे कधीतरी दगा देते.

तारेचा स्ट्रॅप की बिनतारी, हा प्रश्न मुळात पडायलाच नको. अंगावरचा चार्ज अर्थिंगला जायला वाट लागते आणि बिनतारी पट्ट्यात ती नसतेच. तारेच्या स्ट्रॅपमध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर असतो. चार्ज त्यातून क्षणात निघून जातो, पण चुकून २३० व्होल्टला हात लागलाच तर स्ट्रॅपमधून जाणारा करंट पाव मिलिअँपिअरच्या आत राहतो. तरीही चालू मेन्सवर काम करताना स्ट्रॅप काढूनच ठेवा.

नवा स्ट्रॅप मल्टिमीटरवर तपासून घ्या. एक प्रोब पट्ट्याच्या आतल्या धातूच्या चकतीला, दुसरा तारेच्या टोकाच्या, अर्थिंगला लावायच्या क्लिपला. १ मेगओहमच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मीटर ओपन (म्हणजे जोडणीच नाही असं) दाखवत असेल तर तार आतून तुटली आहे, आणि असा स्ट्रॅप बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो. सैल बांधलेला किंवा बाहीवरून घातलेला स्ट्रॅपही कुचकामीच.

मॅटचं काम वेगळं आहे. स्ट्रॅप तुम्हाला सांभाळतो, मॅट टेबलावरच्या वस्तूंना. नुसती मॅट घेतली तर तिच्यावरून हात उचलताच तुमचा अर्थिंगशी संबंध तुटतो, म्हणून आधी स्ट्रॅप. मॅटऐवजी धातूचा पत्रा मात्र नको. चार्ज झालेला बोर्ड पत्र्यावर टेकला की सगळा चार्ज एका झटक्यात निघतो आणि तोच झटका चिपला मारतो. चांगल्या मॅटचा रेझिस्टन्स दहा लाख ते शंभर कोटी ओहमच्या दरम्यान असतो, त्यामुळे चार्ज हळूहळू उतरतो. मॅट आणि स्ट्रॅप एकाच अर्थिंग पॉइंटला जोडा.

बोर्ड ठेवायच्या अँटिस्टॅटिक पिशव्यांमध्ये गुलाबी आणि चंदेरी असा घोळ हमखास होतो. गुलाबी पिशवी स्वतः फारसा चार्ज तयार करत नाही, एवढंच. बाहेरून बसणारा झटका ती अडवत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, तो अडवतो, पण तोंड बंद असेल तरच. स्क्रू, कागदपत्रं यांना गुलाबी पुरे, बोर्डाला चंदेरीच. आणि त्या पिशवीवर बोर्ड ठेवून पॉवर देऊ नका, शॉर्टचा धोका असतो.

आयोनायझर सगळ्यात शेवटी. प्लास्टिकवरचा चार्ज अर्थिंगने जात नाही, तिथे तो खरंच उपयोगी आहे. पण त्याच्या सुया वेळोवेळी साफ कराव्या लागतात, धन आणि ऋण आयनांचा बॅलन्स तपासावा लागतो. तो बिघडला तर आयोनायझर स्वतःच चार्ज चढवतो. अधूनमधून एखाद-दुसरा बोर्ड जोडणाऱ्याने त्यावर खर्च करू नये. चिकटपट्टीचा रोल, थर्माकोल, प्लास्टिकचे कप बोर्डापासून निदान ३० सेंटिमीटर लांब ठेवले तरी बरंचसं काम होतं.