घोडबंदर रस्त्यावरचे कोरियन उपाहारगृह आणि यादीत नसलेले सूप

ठाण्यात मानपाड्याच्या पुढे, एका निवासी संकुलाच्या तळमजल्यावर, औषधांचे दुकान आणि शिकवणीचे वर्ग यांच्यामध्ये बारा टेबलांचे एक कोरियन उपाहारगृह गेल्या वर्षी सुरू झाले आहे. माझा तेहतिसावा वाढदिवस आम्ही पाच जणांनी तेथे साजरा केला. पाचही जण कधी ना कधी अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात राहिलेले आणि आता कळवा, ऐरोली, नौपाडा असे विखुरलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक पदार्थ तोंडात घालण्याआधीच त्याची तिकडच्या चवीशी तुलना सुरू होते, हा आमचा दोष मी आधीच मान्य करते. उपाहारगृहाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि तेथील स्वयंपाकघर अजून शिकत आहे.

कोरियात वाढदिवसाच्या दिवशी भेटणारा माणूस बहुधा पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: मियॉकगुक खाल्ले का? मियॉक म्हणजे खाण्याचे एक समुद्री शेवाळ आणि गुक म्हणजे सूप. बाळंतिणीला तिथे साधारण तीन आठवडे भाताबरोबर हेच सूप देण्याची रीत आहे. आपल्याकडे अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू जे काम करतात, तेच काम तिथे हे शेवाळ करते. मूल मोठे झाल्यावर दर वाढदिवसाला, आईने आपल्या जन्मानंतर जे खाल्ले ते आपण खायचे, असा त्यामागचा भाव आहे. जुन्या घरांतून सामशिन हालमोनी नावाच्या, मुले देणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या आजीदेवीपुढे भात आणि हे सूप ठेवले जात असे. तिला आपल्या सटवाईची लांबची बहीण म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की सटवाई कपाळी लिहून निघून जाते आणि ही आजी जेवायला थांबते. मात्र शेवाळ बुळबुळीत असल्याने परीक्षेच्या आधी ते कोणी खात नाही, कारण त्यावरून घसरून नापास होण्याची धास्ती असते. ‘मियॉकगुक खाल्ले’ याचा बोलीतला अर्थच परीक्षेत आपटी खाल्ली असा होतो. आमच्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याचा वाढदिवस तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी आला, तेव्हा त्याने आईने पाठवलेला डबा आम्हाला वाटून टाकला होता.

२०१८च्या नोव्हेंबरात, देजॉनमधील माझ्या पहिल्या वाढदिवशी, शेजारच्या खोलीतील मुलगी सकाळी आठ वाजता थर्मासमधून हे सूप घेऊन दारात उभी होती. ठाण्यात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते, त्यामुळे आईचा फोन यायला अवकाश होता आणि त्या दिवसाचा पहिला घास परक्या घरचा झाला. पुढच्या वर्षी मी ते स्वतः करायचे ठरवले आणि वाळलेल्या शेवाळाचे अख्खे पाकीट पातेल्यात भिजत घातले. पाण्यात ते कित्येक पट फुगते हे मला ठाऊक नव्हते. अर्ध्या तासाने पातेले, नंतर बादली आणि शेवटी बेसिन भरले, आणि आमच्या मजल्यावरील सर्वांनी पुढचे तीन दिवस माझा वाढदिवस जेवला.

इतके सांगण्याचे कारण असे की या उपाहारगृहाच्या सोळा पानी यादीत मियॉकगुक नाही. चीज भरलेले कॉर्न डॉग तीन प्रकारचे आहेत, रामेन आठ प्रकारचे आहेत, ‘बर्थडे पॅकेज’ नावाचे वेगळे पान आहे आणि त्यात फुगे, छायाचित्रासाठी भाड्याचा हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख व फुलबाजीसारखी उडणारी मेणबत्ती यांचा समावेश आहे. पण ज्या एका पदार्थावाचून कोरियन वाढदिवस साजरा झाला असे म्हणवत नाही, तो नाही. मी आदल्या दिवशी फोन करून विचारले तेव्हा पलीकडच्या मुलाने कोणाला तरी हाक मारली, थोडी कुजबुज झाली आणि ‘करून देऊ, पण बीफ नसेल’ असे उत्तर आले. ते अपेक्षितच होते. कोरियात बहुतेक घरांत हे सूप गोमांसाच्या तुकड्यांत शिजते आणि महाराष्ट्रात २०१५पासून गोवंश हत्याबंदी आहे. कशात करणार, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘मावशी म्हणतात, तिसऱ्या घालू.’

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या या मावशी चेंदणी कोळीवाड्यातल्या आहेत, हे नंतर कळले. त्यांना ठाऊक असो वा नसो, कोरियाच्या किनारपट्टीवर शिंपल्यांचे मियॉकगुक घरोघरी होते, त्यामुळे ही तडजोड नसून चांगला पर्याय होता. सूप काळ्या दगडी भांड्यात उकळत आले. वर तिळाच्या तेलाचे बारीक थेंब, मध्ये गडद हिरव्या, रेशमी पट्ट्या आणि तळाशी उघडलेल्या तिसऱ्यांची शिंपले. पहिल्या चमच्याला लसूण आणि सोया सॉस लागतो, मग तिसऱ्यांचा तो खारट गोडवा येतो, जो आपल्याला मुंबऱ्याच्या खाडीपासून मालवणपर्यंत कुठेही ओळखू येईल. शेवाळ आधी तिळाच्या तेलात नीट परतलेले होते, नाहीतर त्याला हिरवट वास राहतो. कांदा घातलेला नव्हता, हेही योग्यच. मीठ किंचित कमी होते. ३८० रुपयांचे एक भांडे दोघांना पुरते. या उपाहारगृहात मी खाल्लेला हा सर्वोत्तम पदार्थ आहे आणि तो यादीत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

बाकीच्या जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. बिबिमबाप, म्हणजे भाज्या आणि तिखट चटणी घालून कालवायचा भात, व्यवस्थित होता. भांडे पुरेसे तापलेले असल्याने तळाच्या भाताची खरपुडी जमली होती आणि तिच्यासाठी आमच्यात भांडण झाले. तोकबोक्की, म्हणजे तिखट-गोड रश्शातील तांदळाच्या पिठाच्या कांड्या, फार गोड होती. आंबवलेल्या कोबीची किमची कालच केलेली असावी, कारण ती लोणच्यासारखी मुरलेली नव्हती, कोशिंबिरीसारखी कुरकुरीत होती. काहींना तशीच आवडते, मला नाही. आमच्यातील एक जण शाकाहारी आहे. किमचीत माशाचा सॉस किंवा आंबवलेली कोळंबी असते का, हा प्रश्न त्याने विचारला तेव्हा वाढणाऱ्याने ‘व्हेज आहे’ असे ताबडतोब सांगितले आणि मावशींनी आतून ‘नाही, नाही, त्यात जवळा आहे’ असे ओरडून सांगितले. मावशींचे आभार, पण शाकाहारी मंडळींनी प्रत्येक पदार्थाबद्दल थेट स्वयंपाकघरात विचारावे, हे उत्तम.

जेवणाबरोबर येणाऱ्या छोट्या वाट्यांना बानछान म्हणतात आणि कोरियात त्या मागाल तितक्या वेळा भरून मिळतात, आपल्या थाळीतल्या भाजीसारख्या. येथे दुसऱ्या खेपेला १२० रुपये लावले जातात आणि ते आधी सांगितले जात नाही.

केक आम्ही नौपाड्यातून नेला होता आणि तो कापू देण्याचे वेगळे दोनशे रुपये घेतले गेले. मेणबत्त्या मागितल्या तेव्हा ती एकच उडणारी कांडी मिळाली. देजॉनमध्ये १९५६पासून चालू असलेली सॉंगसिमदांग ही प्रसिद्ध बेकरी आहे, जिची शाखा त्या शहराबाहेर कुठेही नाही. २०१८मध्ये माझा केक तिथून आला होता. कोरियन बेकऱ्यांत केक बांधून देताना वय विचारतात आणि दहा वर्षांना एक लांब, एका वर्षाला एक लहान या हिशेबाने मेणबत्त्या देतात; सोबत प्लास्टिकची सुरी आणि काड्याही असतात. माझ्या हिशेबाने तेव्हा मला सव्वीस पूर्ण होत होती, पण मैत्रिणींनी दोन लांब आणि सात लहान मेणबत्त्या आणल्या, कारण जुन्या कोरियन गणनेत जन्मताच एक वर्ष धरले जाई आणि पुढचे वर्ष एक जानेवारीला सर्वांचे एकदमच वाढे. जून २०२३मध्ये कायद्याने ही पद्धत सरकारी व्यवहारातून गेली. मला त्या एका फुकट वाढलेल्या वर्षाचा राग तेव्हाही आला नव्हता. आता तर ते कायद्यानेच परत मिळाले आहे.

मागच्या बाजूला गाण्यासाठी एक बंद खोली आहे, तिला त्यांनी कोरियातल्याप्रमाणेच नोरेबांग असे नाव दिले आहे. मराठी गाणी त्या यंत्रात नाहीत आणि भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारच्या टेबलावरील आजोबांनी आमचे दुसरे गाणे संपल्यावर टाळ्या वाजवल्या, तिसऱ्यानंतर मात्र नाही. कोरियातील नोरेबांगमध्ये तास संपत आला की मालक दहा-पंधरा मिनिटे आपणहून वाढवून देतो आणि त्याला ते ‘सॉबिसु’ म्हणतात. इंग्रजी सर्व्हिसचाच तो उच्चार आहे, पण तिथे त्याचा अर्थ दुकानाने प्रेमाने फुकट दिलेली वस्तू असा होतो. येथे बिल आले तेव्हा त्यात सर्व्हिसच्या नावाने दहा टक्के, म्हणजे सहाशे रुपये लावलेले होते. हे शुल्क ग्राहकाच्या इच्छेवर असते आणि बिलात परस्पर लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्येच स्पष्ट केले आहे. तसे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी वाद न घालता ते काढले आणि पाच टक्के जीएसटीसह पाच जणांचे ६,३०० रुपये झाले. वाढदिवस ज्याचा त्यानेच जेवू घालायचे, ही कोरियन रीत मित्रांना नेमकी त्याच क्षणी आठवली.

जायचे असल्यास शनिवार-रविवार टाळावा, कारण मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडीपासून गाडी रांगते आणि वाहनतळावर सहाच गाड्या मावतात. मियॉकगुक हवे असेल तर आदल्या दिवशी दुपारपूर्वी फोन करून थेट मावशींशी बोलावे. संध्याकाळी फोन केल्यास तिसऱ्या मिळत नाहीत. वाढदिवसाचे पॅकेज घेऊ नये.

मी सुपाचे एक भांडे आईसाठी बांधून आणले. तिने आधी ते शेवाळ चमच्याने उचलून दिव्याखाली धरून पाहिले, मग मी झाले तेव्हा आपल्याला आजीने अळीव किती दिवस खायला लावले होते ते मोजून सांगितले, सुपात मीठ घातले, आणि तिसऱ्या वेचून खाऊन शेवाळ माझ्या ताटात वाढले.