छत्री, चहा आणि लांडगा नवरदेव: गेल कॅरिजरच्या पाच कादंबऱ्या

पार्टीत खायला काही ठेवलेलं नाही म्हणून वैतागलेली एक बाई लायब्ररीत जाऊन एकटीच चहा मागवून बसलीय, तेवढ्यात एक व्हॅम्पायर तिच्यावर झडप घालतो, आणि तिला सगळ्यात आधी राग कशाचा येतो तर रीतसर ओळख करून दिलेली नसताना हा माणूस इतका जवळ आलाच कसा. 'सोललेस'ची सुरुवात ही अशी आहे आणि मी तिथंच या सिरीजच्या प्रेमात पडले. झटापटीत तिच्या ट्रीकल टार्टची वाट लागते (काकवीसारखा पाक घालून करतात ते, गुळाच्या पेठेत वाढलेल्या माणसाला हे नुकसान लगेच कळेल) आणि टार्ट गेल्याचं दुःख तिला मेलेल्या व्हॅम्पायरपेक्षा जास्त होतं.

पाच पुस्तकं आहेत, 'सोललेस' २००९ चं, मग २०१० मध्ये 'चेंजलेस' आणि 'ब्लेमलेस', २०११ ला 'हार्टलेस', २०१२ ला 'टाइमलेस'. पूर्ण सिरीजचं नाव 'पॅरासोल प्रोटेक्टोरेट'. काळ राणी व्हिक्टोरियाचा, १८७० च्या दशकातलं लंडन, पण या लंडनमध्ये व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ (पौर्णिमेला लांडगा होणारी माणसं) लपूनछपून राहत नाहीत, उघड राहतात, सरकारदरबारी नोंदणी करतात, त्यांच्यासाठी वेगळं सरकारी खातंच आहे आणि राणीच्या सल्लागार मंडळात त्यांची माणसं बसतात. वरून वाफेवरची यंत्रं, आकाशात हवाई जहाजं. सांगलीत असलं पुस्तक दुकानात जाऊन हातात घेऊन चाळायला मिळणं अवघड, मी ऑनलाइनच मागवली, एकेक करत.

नायिका अलेक्सिया टाराबोटी. वय २६, वडील इटालियन आणि वारलेले, आईनं दुसरं लग्न केलेलं, त्या लग्नाच्या दोन गोऱ्या गोऱ्या नाजूक बहिणी. आणि ही सावळी, नाक मोठं, बांधा भरलेला, वाचन जास्त, तोंडावर बोलणारी. त्यामुळे आईनंच ठरवून टाकलंय की हिचं लग्न काय व्हायचं नाही, हिच्यावर खर्च करू नका. हे वाचताना मला लंडन वगैरे काही आठवलं नाही. आपल्याकडे स्थळ सांगताना फोनवर जी वाक्यं कानावर पडतात, "मुलगी हुशार आहे हो पण रंगानं जरा...", तीच वाक्यं तिकडे हातमोजे घालून बोलली जातात एवढाच फरक. आणि लेखिकेनं तिला कुठंही बिचारी केलेलं नाही हे मला फार आवडलं. तिला भूक लागते, ती खाते, ती भांडते, तिला स्वतःची अक्कल माहितीय. शेवटी मेकओव्हर होऊन ती सुंदर वगैरे होत नाही, जशी आहे तशीच कुणालातरी प्रचंड आवडते.

आता खरी गंमत. अलेक्सियाला आत्मा नाही. या जगातला हिशोब असा की ज्यांच्यात आत्मा जरुरीपेक्षा जास्त असतो तेच मरताना व्हॅम्पायर किंवा वेअरवुल्फ म्हणून वाचतात, बाकीचे सरळ मरतात, आणि अलेक्सियासारखे अगदी मोजके लोक ज्यांच्यात आत्माच नाही, त्यांनी हात लावला की समोरचा व्हॅम्पायर असो की लांडगा, तेवढ्या वेळापुरता साधा माणूस होतो. सुळे गायब, ताकद गायब. हात काढला की परत होता तसा.

आणि नायक कोण, तर लॉर्ड कॉनल मॅकन, स्कॉटिश, उंचाडा, आरडाओरडा करणारा, कपडे कधी नीट नसलेला, वूल्झीचा अर्ल, वेअरवुल्फच्या टोळीचा प्रमुख आणि वर त्या सरकारी खात्याचा साहेब. त्याला सगळे घाबरतात. पण हिच्या हातात त्याचा हात आला की तो माणूस. म्हणजे या अख्ख्या जगात एकच व्यक्ती अशी आहे जिच्याजवळ त्याला लांडगा राहावं लागत नाही, आणि समाज असा की लग्न न झालेल्या बाईनं पुरुषाच्या हाताला हातमोज्याशिवाय हात लावला तरी गावभर चर्चा. बघा काय केलंय लेखिकेनं! प्रेमकथेला जे पाहिजे नेमकं तेच शिष्टाचाराला चालत नाही. त्यामुळे साधा हात धरायचा प्रसंग आला तरी हसू पण येतं आणि पोटात गोळा पण येतो, दोन्ही एकदम. मी विनोदी रोमान्स बरेच वाचलेत, बहुतेकांत विनोद एका बाजूला आणि प्रेम दुसऱ्या बाजूला असतं, चार पानं हसायचं मग चार पानं रडायचं. इथं एकाच नियमातून दोन्ही निघतं. मला वाटतं सिरीजची सगळी ताकद ह्यात आहे, भूतंखेतं आणि यंत्रं नंतर.

पहिल्या पुस्तकात कॉनल एके दिवशी जवळ येतो आणि दुसऱ्या दिवशी ओळख नसल्यासारखा वागतो, ते वाचताना आपण पण चिडतो. नंतर कळतं की तो लांडग्यांच्या पद्धतीनं वागतोय आणि ती इंग्रजी पद्धतीची वाट बघतेय. दोघांना समजावून सांगायचं काम करतो प्रोफेसर लायल, कॉनलचा उजवा हात, शांत, सडपातळ, कधीच आवाज न चढवणारा. माझी आत्या माधवनगरला असते, नात्यातली कितीतरी लग्नं तिनं जमवलीत, तिला मी ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "अगं मग पहिला आहेर त्या लायलला द्यायला पाहिजे की गं, मधला माणूस चांगला असला तरच जमतंय बघ." लायल हे माझं पण सगळ्यात लाडकं पात्र आहे, आणि चौथ्या पुस्तकात त्याच्याबद्दल जे कळतं त्यानंतर तर जास्तच. सांगत नाही इथं.

बाजूची पात्रं म्हणजे मेजवानी आहे. लॉर्ड अकेलडामा, जुना व्हॅम्पायर, भडक रेशमी कपडे, दर वाक्यात समोरच्याला नवं लाडाचं नाव, वरवर नुसता नखरा आणि आतून लंडनमधली एकूण एक खबर ठेवणारा. आणि आयव्ही हिसलपेनी, अलेक्सियाची मैत्रीण, जिच्या टोप्या इतक्या भयानक असतात की नवी टोपी आली की मी वाचायचं थांबून ती डोळ्यासमोर आणायचे. आयव्ही आधी नुसती भोळी वाटते. शेवटपर्यंत वाचा, मग बोलू.

सांगलीकरांनी ही पुस्तकं का वाचावीत याचं माझ्याकडे एक स्वतंत्र कारण आहे. जास्तीचा आत्मा कुणात असतो, तर या पुस्तकांच्या म्हणण्याप्रमाणे कलावंतांत, आणि त्यातही नटांत. म्हणून लांडग्यांच्या टोळीत पौर्णिमेला त्यांची काळजी घेणारी जी माणसं असतात त्यातले बरेचसे नाटकवाले असतात, या आशेवर की आपल्यालाही एक दिवस अमरत्व मिळेल. कॉनलच्या टोळीतला लाल केसांचा टन्स्टेल असाच एक नट आहे. आणि पाचव्या पुस्तकात तर अख्खी नाटक कंपनी सामानसुमान घेऊन इजिप्तच्या दौऱ्यावर निघते, तिथल्या व्हॅम्पायर राणीसमोर प्रयोग करायला! ज्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी संस्थानिकांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं, ज्यांच्या नाटकात राक्षस आरडाओरडा करत 'अललडुर्र' म्हणत स्टेजवर यायचे, जिथं अजून दर ५ नोव्हेंबरला भावे पदक कुणाला याची चर्चा होते, त्या गावच्या माणसाला हे वाचून आनंद होणारच. आमच्याकडे नटाला काही कमी मान नाही पण त्याच्यात आत्मा जास्त असतो हे कुणी असं छापून दिलं नव्हतं.

आता जे खटकलं ते. पुढं थोडा स्पॉयलर आहे, ज्यांना नको त्यांनी पुढचा पॅरा सोडा.

'चेंजलेस'च्या शेवटी अलेक्सियाला दिवस गेलेत असं कळतं, आणि आतापर्यंतच्या समजुतीप्रमाणे वेअरवुल्फला मूल होऊ शकत नाही, म्हणून कॉनल तिच्यावर संशय घेतो आणि नाही नाही ते बोलतो, आणि तिला घर सोडावं लागतं. सगळा लंडन तिच्याबद्दल बोलतो, माहेरचे पण तिला ठेवून घेत नाहीत. तिसऱ्या पुस्तकात ती फ्रान्समार्गे इटलीला पळतेय, पाठीमागे मारेकरी, आणि हे साहेब इकडे पिऊन पडलेत, लायल निस्तरतोय. ते पिण्याचे प्रसंग विनोदी लिहिलेत आणि मला हसूच आलं नाही. आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. तिथं फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो आणि नाटकभर हसणं होतं ते त्याच्या संशयाचं, कृत्तिका त्याला पुरून उरते, घर मोडत नाही. इथं घर मोडलंय, पोटुशी बाई रस्त्यावर आलीय, आणि लेखिका हसण्याची पट्टी तीच ठेवते. नंतर तो माफी मागतो, मागायच्या पद्धतीनं मागतो पण, तरी मला तो फार स्वस्तात सुटलेला वाटला. अलेक्सियानं अजून शंभर पानं ताणायला पाहिजे होतं. बाकी तेच पुस्तक खाण्याच्या बाबतीत फार भारी आहे, इटलीत लोक पेस्टो खातात ते व्हॅम्पायर आणि लांडग्यांपासून संरक्षण म्हणून, लसूण एकासाठी आणि तुळशीच्या जातीतला तो बेसिल दुसऱ्यासाठी, आणि अलेक्सिया ते पेस्टो बघून सगळं दुःख बाजूला ठेवते. चहाऐवजी कॉफी पुढं आली की मात्र तिचा जीव जातो.

दुसरी गोष्ट जरा वेगळी. या जगात इंग्रजांचं साम्राज्य एवढं पसरलं कसं याचं उत्तर गमतीत दिलंय, सैन्यात वेअरवुल्फच्या तुकड्या आणि राजकारणात व्हॅम्पायरची डोकी. कल्पना हुशार आहे. पण त्याच राणीच्या राज्यात १८४८ ला सातारा खालसा झाला, आणि सातारच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी त्याच लंडनमध्ये जवळजवळ चौदा वर्षं दारोदार फिरून १८५३ ला हात हलवत परत आले. त्यामुळे तिथले दिवाणखाने, ते चहाचे कप, ते खाली वाकून नमस्कार वाचताना मला सारखं वाटत राहिलं की याच दाराबाहेर आपला एक माणूस कागदपत्रांची पिशवी घेऊन उभा आहे. कॅरिजर इंग्रज सरदारांची टर भरपूर उडवते, पण दाराच्या आतूनच उडवते. पुस्तक वाईट आहे असं म्हणत नाही, मी पाचही आवडीनं वाचलीत. एवढंच की आपल्याकडच्या वाचकाला तिथं एक खिडकी बंद दिसेल.

याच जगातली पुढची सिरीज आहे, २०१५ च्या 'प्रूडन्स'पासून सुरू होते, त्यात अलेक्सियाची मुलगी मोठी झालीय आणि स्वतःचं हवाई जहाज घेऊन चहाच्या कामासाठी थेट मुंबईला येते, आणि इथले व्हॅम्पायर म्हणजे राक्षस आणि इथले रूप बदलणारे म्हणजे वानर! मला वाचून इतका आनंद झाला की वहिनीला हाक मारून ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मुंबई तशी वरवरची आहे, माणसं कमी आणि देखावा जास्त, पण ती खिडकी निदान किलकिली होते.

'हार्टलेस' आणि 'टाइमलेस'बद्दल थोडक्यात. चौथं सगळ्यात धावपळीचं, अलेक्सियाला आठवा महिना भरलेला आणि राणीच्या जिवावर कुणीतरी उठलंय, ही बाई छत्री टेकत टेकत लंडनभर तपास करतेय. (छत्रीबद्दल सांगायचं राहिलं, दुसऱ्या पुस्तकात मादाम लफू नावाची फ्रेंच शोधक तिला अशी छत्री करून देते की तिच्यातून ॲसिड पण येतं आणि भूल देणारे बाण पण.) पाचवं शेवट म्हणून समाधान देतं, सगळ्यांचं काही ना काही होतं, मध्ये जरा रेंगाळतं.

इंग्रजी सोपं नाही हे आधीच सांगते. वाक्यं लांब, मुद्दाम जुन्या थाटाची, आणि कपड्यांचे शब्द ढिगानं. पण पहिली तीन-चार प्रकरणं सोसली की कान बसतो. ज्यांना फारच जड जाईल त्यांच्यासाठी 'सोललेस'ची मांगा (जपानी पद्धतीची चित्रकथा) पण निघालीय, चित्रांतून आयव्हीच्या टोप्या बघायला मिळतात. आणि हो, नवराबायकोचे प्रसंग मोकळेपणानं लिहिलेत, त्यामुळे शाळेतल्या मुलींच्या हातात ही पाच देऊ नका, त्यांच्यासाठी त्याच लेखिकेची 'फिनिशिंग स्कूल' आहे, २०१३ ला सुरू झालेली, आकाशात तरंगणारी शाळा, जिथं मुलींना वाकून नमस्कार कसा करायचा आणि हेरगिरी कशी करायची दोन्ही शिकवतात. माझ्या भाचीनं पहिलं पुस्तक संपवून लगेच दुसरं मागितलं.

पाचही एकदम मागवू नका. 'सोललेस' एकटं घ्या, ते स्वतःपुरतं पूर्ण आहे, लग्नापर्यंत नेऊन सोडतं. आवडलं तर मात्र 'चेंजलेस' आणि 'ब्लेमलेस' जोडीनंच मागवा, कारण दुसऱ्याच्या शेवटी जिथं सोडलंय तिथून तिसरं यायची वाट बघत बसणं फार वाईट.