बालगृह बांधायचं की आजीच्या घरी महिन्याला पैसे पोचवायचे?

मागच्या महिन्यात शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. दहावीच्या बॅचनं गेट-टुगेदरमध्ये वीस लाख जमवलेत, एकानं रोडटच अर्धा एकर द्यायची तयारी दाखवलीय, आता तालुक्यात अनाथ मुलांसाठी बालगृह काढायचं, "प्लॅन पण काढून झालाय, तू त्यातलीच आहेस ना, तू फक्त रजिस्ट्रेशनचं बघ." मी म्हटलं थांब जरा, नारळ एवढ्यात आणू नको. असे फोन मला वर्षातून दोन-तीन तरी येतात, कधी मंडळाचे, कधी कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, आणि दर वेळी तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून यावेळी नीट लिहूनच काढतेय. मी एमएसडब्ल्यू करून आधी चार वर्षं बालगृहात होते, नंतर बालसंगोपन योजनेच्या (मूल घरीच राहावं म्हणून महिन्याला पैसे देणारी सरकारी योजना) गृहभेटी करत गावोगाव फिरले, म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

पहिला प्रश्न, अनाथ म्हणजे कोण? आपल्या डोक्यात जगात कुणीच नसलेलं मूल असतं. मी बालगृहात होते तेव्हा रविवारी भेटीच्या वेळी गेटवर रांग लागायची. आया, मावश्या, आज्या, कुणी डब्यात लाडू घेऊन, कुणी नुसतं बिस्किटाचं पुडकं. बहुतेक मुलांची आई हयात होती. बाप गेलेला, किंवा सोडून गेलेला, आई ऊसतोडीला सहा महिने कारखान्यावर, मागं म्हातारी सासू, मग कुणीतरी सांगतं की तिकडं जेवण-शाळा फुकट आहे, घालून टाक. म्हणजे ज्याला आपण अनाथ म्हणतो त्याचं खरं दुखणं बऱ्याचदा गरिबी असतं, आणि गरिबीवर उपाय म्हणून आपण त्याला आईपासून तोडतो. हे मला चार वर्षं तिथं राहून कळलं, कॉलेजात कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

आता संशोधन काय म्हणतं ते बघू, कारण "मला वाटतं" वर वीस लाख लावू नयेत. सगळ्यात जास्त ज्याचं नाव घेतलं जातं तो रुमानियातला बुखारेस्टचा अभ्यास. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ ला पडली तेव्हा तिथल्या सरकारी संस्थांत मुलं अक्षरशः भरून ठेवलेली होती. २००० च्या सुमाराला चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघांनी तिथल्या सहा संस्थांमधली १३६ बाळं घेतली, वय ६ ते ३१ महिने, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबात (फॉस्टर फॅमिली, म्हणजे दत्तक न घेता परकं मूल तात्पुरतं सांभाळणारं घर) पाठवलं, निम्मी होती तिथंच राहिली. ऐकायला क्रूर वाटतं, आणि त्यावर वादही झाले, पण संस्थेत राहिलेल्या बाळाला नंतर कुठं घर मिळत असेल तर अडवायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं, आणि शहरात प्रतिपालक कुटुंबं जवळपास नव्हतीच, यांनीच ती शोधून उभी केली. मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला तर संस्थेतल्यांचा साधारण ७३, प्रतिपालक घरातल्यांचा ८१, आणि जन्मापासून स्वतःच्या घरात वाढलेल्या मुलांचा १०९. शिवाय दोन वर्षांच्या आत घरात गेलेली मुलं उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगली सावरली. हे २००७ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं, आणि त्या देशानं त्याआधीच, २००४ मध्ये, कायद्यानं दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवण्यावर बंधन आणलं होतं.

इथपर्यंत वाचून लोक म्हणतात, झालं, बालगृह वाईट. एवढं सोपं नाहीये. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या टीमचा पाच देशांतला अभ्यास आला, कंबोडिया, इथिओपिया, केनिया, टांझानिया आणि आपला भारत, आपल्याकडं हैदराबाद आणि नागालँड. ६ ते १२ वयाची, आईबाप गमावलेली किंवा सोडून दिलेली मुलं, संस्थेतली १३५७ आणि गावात-वस्तीत कुणाकडं तरी राहणारी १४८०. तब्येत, वाढ, अभ्यास, मनःस्थिती सगळं तपासलं तर संस्थेतली मुलं मागं नव्हती, काही बाबतीत थोडी पुढंच होती. आणि मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं म्हणजे संस्था विरुद्ध घर या फरकापेक्षा एकाच प्रकारातल्या ठिकाणाठिकाणातला फरक मोठा होता. चांगलं बालगृह वाईट काकाच्या घरापेक्षा बरं. हे सांगायला अमेरिकेतून माणसं कशाला यायला हवी होती असं कुणी म्हणेल, पण मोजून दाखवणं वेगळं.

मग दोन्ही अभ्यास खरे कसे? वय बघा. बुखारेस्टमधली पाळण्यातली बाळं, एका बाईच्या वाट्याला डझनभर, कुशीत घ्यायला कुणी नाही. ड्यूकवाल्यांची मुलं शाळकरी, त्यातल्या कित्येकांनी आधीची वर्षं घरात काढलेली. दुसरं म्हणजे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, मुलं जिथं होती तिथं जाऊन मोजलं, त्यामुळं कोण संस्थेत पोचलं आणि कोण नाही यातच आधीचा फरक असू शकतो. आणि तिसरं, वस्तीतल्या घरांना कुणी मदत करत होतं असं काही नव्हतं, ती आपली आपली गरिबीत चाललेली होती, म्हणजे तुलना चालवलेल्या संस्थेची आणि वाऱ्यावर सोडलेल्या घराची झाली. बुखारेस्टमध्ये उलट होतं, प्रतिपालकांना मानधन होतं आणि समाजकार्यकर्ते सतत जाऊन विचारपूस करत होते. मी दोन्ही वाचून जे उचललं ते एवढंच की घर चांगलं ठरतं ते मागं कुणीतरी उभं असेल तर.

तर आता तुमच्या बॅचच्या वीस लाखांकडं.

बालगृहाचं आधी सांगते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं नोंदणीशिवाय काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवता येत नाहीत, ठेवलीत तर तुरुंगवास किंवा कमीत कमी एक लाख दंड. मूल तुमच्या मर्जीनं येत नाही, बालकल्याण समितीच्या आदेशानं येतं, अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, मूल सापडल्यापासून २४ तासांत त्यांच्यापुढं उभं करावं लागतं. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना लिहायची, ती वेळोवेळी बदलायची, अधीक्षक, काळजीवाहक, समुपदेशक, स्वयंपाकी, रात्रपाळी. मुलांना सुट्टी नसते त्यामुळं दिवाळीलाही कुणीतरी हवंच. त्याच कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय असं स्पष्ट लिहिलंय. देशभरातल्या संस्थांची मोजणी झाली तिचा अहवाल २०१८ मध्ये आला, ९५८९ संस्था निघाल्या आणि बहुतेक आपल्यासारख्या स्वयंसेवी लोकांनीच चालवलेल्या. म्हणजे तुम्ही काढलीत तर साडेनऊ हजारांत एकाची भर. वीस लाखांत बांधकामच पुरं होणार नाही, झालं तरी दुसऱ्या वर्षीचे पगार कुठून? मग सुरू होतात वाढदिवस. मी होते तिथं एका आठवड्यात तीन केक कापलेत, तिन्ही बाहेरच्यांच्या मुलांचे, आमची पोरं रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायची आणि एक सात वर्षांचा मला हळूच विचारायचा, ताई आज कुणाचा आहे. त्याची स्वतःची जन्मतारीख आम्ही शाळेसाठी अंदाजे एक जून टाकलेली.

घरातच आधार द्यायचा म्हटलं तर सरकारी दोन रस्ते आहेत. राज्याची बालसंगोपन योजना, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं, २०२३ पासून महिन्याला ११०० चे २२५० झाले. आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, महिन्याला ४०००, पण त्याला उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. (नाव सावित्रीबाईंचं अगदी योग्य आहे बरं का, त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं म्हणजे संस्थाही काढली, आणि यशवंतला दत्तक घेऊन स्वतःच्या घरातही वाढवलं.)

मग पैसे सरकार देतंय तर बॅचनं काय करायचं? इथंच तर खरी गोम आहे. योजना आहे पण आजीपर्यंत पोचत नाही. माझ्या लक्षात राहिलेली एक आजी, तुरीच्या पोत्यातून कापलेल्या पिशवीत सगळी कागदं, मुलाचा मृत्यूचा दाखला, सून निघून गेली त्याला पुरावा काय म्हणून कुणीतरी लिहून दिलेला साध्या कागदावरचा अर्ज, दोन नातवंडांची आधारकार्डं त्यातल्या एकावर नाव चुकलेलं, रेशनकार्ड अजून मेलेल्या मुलाच्या नावावर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला तीन हेलपाटे झालेले, प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडाली आणि एसटीचं भाडं वेगळं. कुठल्या कार्यालयात काय झालं ते सांगत बसत नाही, पण चौथ्या खेपेला आजी म्हणाली, "जाऊदे बाई, त्यापेक्षा पोरं कुठं आश्रमात घाल." म्हणजे एका स्पेलिंगपायी दोन पोरं बालगृहात जाणार होती. मी आणि माझी सहकारी तिच्याबरोबर बसून ते नाव दुरुस्त करून आणलं, बँकेत खातं उघडलं, अर्ज गेला. पैसे सुरू व्हायला पुढं कित्येक महिने लागले, तेवढ्या काळाचं वाणसामान गावातल्या एका दुकानदारानं उधारीवर दिलं. पोरं अजून तिथंच आहेत, मोठी यंदा नववीत गेली.

आता हिशोब करू. समजा तुम्ही सरकारची वाट न बघता वीस मुलांना स्वतःच महिन्याला २००० दिले, तर वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. एक पूर्ण वेळ कार्यकर्ती ठेवली, वीस हजार पगार म्हटलं तर दोन लाख चाळीस हजार, पेट्रोल, झेरॉक्स, फोन मिळून अजून साठ हजार धरा. सात लाख ऐंशी झाले. म्हणजे वीस लाखांत अडीच वर्षं आरामात, आणि तोपर्यंत त्या बाईनं वीसपैकी बऱ्याच मुलांची सरकारी योजना चालू करून घेतली तर तुमचे पैसे पुढच्या मुलांना मोकळे. बालगृहाच्या पैशांचं असं होत नाही, तिथं सिमेंट एकदा ओतलं की ओतलं.

पण घराचीही वाईट बाजू सांगायलाच हवी, नाहीतर मी फसवल्यासारखं होईल. पैसे येतात म्हणून काका पोर ठेवून घेतो आणि शाळा सोडवून शेळ्यांमागं पाठवतो, हे मी पाहिलंय. मुलगी वयात आली की लग्न उरकायची घाई, तेही पाहिलंय. घरात दारू आहे, मारहाण आहे, त्याहून वाईट काही आहे, तिथं महिन्याला दोन हजार देऊन तुम्ही फक्त त्या घराला बक्षीस देताय. म्हणूनच मी कार्यकर्तीचा पगार मुलांच्या मदतीइतकाच गरजेचा मानते. महिन्यातून एकदा न सांगता जाणारी, मुलाशी एकटं बोलणारी, शाळेत जाऊन हजेरी बघणारी, वेळ आली तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करायला न घाबरणारी बाई. ती नसेल तर घरी पैसे पोचवण्याची योजना कागदावर छान आणि प्रत्यक्षात बालगृहापेक्षाही धोक्याची, कारण बालगृहात निदान तपासणीला कुणी येतं.

आणि काही मुलांना बालगृहच लागतं. घरातच अत्याचार झालेली मुलगी, कुणीच नसलेली मोठी मुलं, भावंडं तीन-चार असली आणि कुणी नातेवाईक एकत्र घ्यायला तयार नसला तर. ऊसतोडीच्या सहा महिन्यांपुरतं हंगामी वसतिगृह ही तर फार उपयोगी गोष्ट आहे, मूल शाळेत राहतं आणि आई परत आली की घरी. तुमच्या तालुक्यात आधीच एखादं बरं चालणारं बालगृह असेल तर तिथं समुपदेशकाचा पगार द्या, मुलींसाठी नीट संडास बांधून द्या, अठरा झाल्यावर बाहेर पडणाऱ्या पोरांच्या खोलीभाड्याला हातभार लावा, ते फार राहून जातं. दोन-तीन वर्षांखालच्या बाळांच्या बाबतीत मात्र मी संस्थेच्या साफ विरोधात आहे, तिथं दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंब, आणि लवकर. प्रतिपालकत्व आपल्याकडं अजून फार कमी आहे, लोकांना परकं पोर तात्पुरतं सांभाळायचं म्हणजे जीव लावायचा आणि परत द्यायचं हेच पटत नाही, त्यामुळं बॅचच्या पैशातून ते उभं करायच्या फंदात पहिल्याच वर्षी पडू नका.

मित्राला हे सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पटतंय गं, पण मग पाटी कुठं लावायची?" मी हसले पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता, वीस लाख देणाऱ्यांना डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं असतं, इमारत दिसते, आजीच्या घरातलं न तुटलेलं काही दिसत नाही. त्याला सांगितलं, आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, तुमच्या तालुक्यातले किती अर्ज कशापायी अडकलेत ते विचार, त्यातल्या दहा घरी बॅचमधले तिघं-चौघं स्वतः जाऊन या, मग मीटिंग घ्या. गेले म्हणे. सात घरं झाली. परवा त्याचा मेसेज आला, रोडटच जागेचं काय करायचं ते सांग, देणारा रोज विचारतोय. मी लिहिलं, जागा राहू दे, आधी एक सेकंडहँड स्कूटी घ्या.