लिक्विड स्क्रीड की साधा कोबा? टाईलखालच्या थराचा खर्च नीट मांडून बघू

घर बांधताना टाईल निवडायला आपण महिना महिना घालवतो आणि त्या टाईलखाली जो थर जाणारे त्याचा निर्णय मात्र एका फोनवर होतो. साध्या कोब्याचा घनमीटरचा दर विचारला, लिक्विड स्क्रीडचा (म्हणजे पातळ करून पंपाने ओतायच्या, स्वतःच सपाट होणाऱ्या थराचा) विचारला, लिक्विड महाग निघालं, विषय संपला. मला ही तुलनाच चुकीची वाटते, कारण दोन्हीची जाडी सारखी नसते.

हिशोब करून बघा. समजा 100 चौरस मीटरची जमीन आहे, खाली इन्सुलेशन शीट आणि त्यावर अंडरफ्लोअर हीटिंगचे, म्हणजे गरम पाणी फिरवून जमीन उबदार ठेवणारे, पाइप. साधा वाळू-सिमेंटचा कोबा इन्सुलेशनवर टाकायचा तर घरासाठी कमीत कमी 65 मिमी धरतात, पाइप असले की बहुतेक जण 75 वर जातात, म्हणजे 7.5 घनमीटर माल. तेच अॅनहायड्राइट लिक्विड स्क्रीड (लिक्विडमधला जिप्समच्या जातीचा प्रकार, पुढे सांगतो) पाइपच्या माथ्यावर 30 मिमी आलं की पुरतं, एकूण जाडी साधारण 50 मिमी, म्हणजे 5 घनमीटर. याचा अर्थ लिक्विडचा घनमीटरचा दर कोब्याच्या दीडपट असला तरी मालाचा खर्च सारखाच पडतो. दीडपटीच्या वर गेला की मग महाग म्हणायचं, त्याआधी नाही. शिवाय स्लॅबवरचं वजन कमी होतं, 50 मिमी थर म्हणजे चौरस मीटरला साधारण 100 किलो आणि 75 मिमी म्हणजे दीडशेच्या आसपास, वरच्या मजल्यावर हा फरक छोटा नाही.

पण दुसरी बाजू पण आहे आणि ती विकणारे सांगत नाहीत. लिक्विडला पंप लागतो, आणि पंपाचं भाडं तुम्ही 30 चौरस मीटर करा नाहीतर 300, जवळपास तेवढंच असतं, ट्रक अर्धा भरून मागवला तर त्याचे वेगळे पैसे. त्यामुळे दोन खोल्या किंवा एक वाढीव किचन एवढंच काम असेल तर लिक्विड क्वचितच परवडतं. मोठ्या कामात गणित उलटं होतं. हाताने पट्टी ओढून कोबा करणारी टोळी दिवसाला 100-150 चौरस मीटर करते, मधे भिंती आणि कोपरे आले की त्याहून कमी, आणि पंपाने तेवढंच काम दुपारपर्यंत उरकतं.

आता लिक्विडमधले प्रकार, कारण "लिक्विड स्क्रीड" म्हटलं की लोक सगळं एकच समजतात आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

अॅनहायड्राइट म्हणजे कॅल्शियम सल्फेटवालं, जिप्समच्याच घराण्यातलं. याचा मोठा गुण म्हणजे हे आकसत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे मोठा हॉल सलग ओतता येतो आणि तडे कमी जातात. पातळ असल्यामुळे पाइपच्या भोवती, खाली, सगळीकडे घट्ट बसतं, हवेची पोकळी राहत नाही, म्हणून हीटिंगची ऊब लवकर वर येते. दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या दिवशी त्यावर चालता येतं. पण पाण्याशी याचं जमत नाही. सतत ओल राहिली की हे मऊ पडतं. आणि वरती नेहमीचं सिमेंटचं टाईल अॅडहेसिव्ह थेट लावलं तर सल्फेट आणि सिमेंटची रिअॅक्शन होऊन मधे एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात, ते फुगतात आणि टाईल अख्खीच्या अख्खी सुटून येते, अॅडहेसिव्ह टाईलला चिकटलेलं आणि खाली भुकटी. म्हणून आधी वरची दुधट साय घासून काढायची (बहुतेक प्रॉडक्टना लागते, पहिल्या 7 ते 10 दिवसांत घासलं तर सोपं जातं आणि थर वाळायलाही मदत होते), व्हॅक्यूम करायचं, प्रायमर मारायचा किंवा सरळ जिप्समवालं अॅडहेसिव्ह घ्यायचं. हा घासण्याचा आणि प्रायमरचा खर्च कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतोच, तो नंतर टाईलवाला काढतो आणि मग भांडणं होतात.

सिमेंटचं लिक्विड स्क्रीड दिसायला तसंच, ओततात पण तसंच, पण बाइंडर, म्हणजे माल धरून ठेवणारा पदार्थ, सिमेंट. ओलीची भीती नाही, टाईल अॅडहेसिव्हची कटकट नाही. दर बहुतेक ठिकाणी अॅनहायड्राइटपेक्षा जास्त असतो, आणि सिमेंट म्हटलं की आकसणं आलं, म्हणून जॉइंट ठरवून द्यावे लागतात आणि पहिले काही दिवस क्युरिंग सांभाळावं लागतं. यात लवकर वाळणारे प्रकार मिळतात, महाग असतात, पण बाकीची सगळी कामं जमिनीसाठी अडून बसली असतील तर पैसे वसूल होतात.

आणि ते गोणीत मिळणारं सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड ही तिसरीच गोष्ट आहे. ते 3 ते 10 मिमीचा थर देऊन आधीची जमीन सपाट करायला असतं. चौरस मीटरला दर मिमीमागे साधारण दीड ते पावणेदोन किलो लागतं, आता 50 मिमी भरायला किती गोण्या जातील ते काढा, खर्च डोळे पांढरे करेल.

वाळण्याचा वेळ हा मला खरा खर्च वाटतो, कारण त्या काळात तुम्ही दुसरीकडे राहत असता आणि कामगार थांबलेले असतात. अॅनहायड्राइट चांगल्या हवेत पहिल्या 40 मिमीपर्यंत रोज 1 मिमी धरायचं, त्यापुढे प्रत्येक मिमीला 2 दिवस. म्हणजे 50 मिमीला 40 अधिक 20, साठ दिवस. आता खालचा स्लॅब वरखाली असेल आणि कुठे 60 मिमी भरलं गेलं तर तिथे 80 दिवस! 10 मिमीच्या चुकीला वीस दिवस, आणि सगळ्या 100 चौरस मीटरवर 10 मिमी वाढलं तर एक घनमीटर माल जास्त. म्हणून मी म्हणेन की स्क्रीडवाल्याशी घासाघीस करण्याआधी लेझर लावून खालची लेव्हल तपासा. साध्या कोब्याला 50 मिमीपर्यंत तोच रोजचा 1 मिमी, पुढे आणखी हळू, त्यामुळे 75 मिमीला तीन महिने सहज जातात.

हीटिंग असेल तर त्याच उबेने थर लवकर वाळवता येतो, आणि अॅनहायड्राइटला इथे फायदा आहे. युरोपच्या ईएन 1264 स्टँडर्डमध्ये सिमेंटच्या थरावर 21 दिवसांनी हीटिंग सुरू करायला सांगितलंय आणि अॅनहायड्राइटवर 7 दिवसांनी (त्यातही प्रॉडक्टवाल्याचं म्हणणं आधी बघायचं). पाणी 20-25 अंशांवर तीन दिवस, मग पूर्ण तापमानावर चार दिवस. दिवस मोजून टाईल लावू नका मात्र, ओल मोजून लावा. सीएम टेस्टमध्ये (थराचा तुकडा काढून कार्बाइडने ओल मोजायची चाचणी) हीटिंग असलेल्या अॅनहायड्राइटला 0.3 टक्के आणि नसलेल्याला 0.5 टक्के ही नेहमीची मर्यादा, सिमेंटला 1.8 आणि 2 टक्के.

बाथरूमचं वेगळं सांगतो. लिक्विड स्वतःहून सपाट होतं, हाच त्याचा गुण, पण मग जाळीकडे ढाळ द्यायचा कसा? देता येत नाही. बाथरूममध्ये गवंड्याकडून हाताने ढाळ काढलेला साधा कोबाच करा, बाकी घरात काहीही ओता.

हीटिंग आहे, क्षेत्र मोठं आहे, हातात दोन महिने आहेत, तर मी अॅनहायड्राइट घेईन. तळमजल्याला ओल चढण्याची शंका असेल किंवा टाईल लावणाऱ्यावर प्रायमरबाबत भरवसा नसेल तर सिमेंटचं लिक्विड, थोडे पैसे जास्त गेले तरी. हीटिंग नाही आणि काम छोटं, तर चांगला गवंडी शोधून साधा कोबा, त्यात काही कमीपणा नाही.

कोटेशन मागताना दर चौरस मीटरचा मागा, तोही टाईल लावायला तयार जमिनीचा. त्यात प्लास्टिक शीट आणि टेप, भिंतीलगतची फोम पट्टी, पंप, घासणं, प्रायमर, ओल तपासणी हे सगळं धरलंय का ते लिहून घ्या. शीटच्या जोडांना टेप कोण मारणार हे तर नक्की विचारा, कारण एक फट राहिली तरी पातळ माल खाली शिरतो आणि इन्सुलेशनच्या शीट तरंगून वर येतात, पाइपही पाण्याने भरून प्रेशरवर नसतील आणि नीट क्लिप केलेले नसतील तर तेही उचलले जातात, आणि मग ते फोडण्याशिवाय इलाज नसतो.