म्हापशात आजीचं पवित्र शास्त्र बाइंड करून घेतलं, त्याचा अनुभव

सलाम सगळ्यांना. गोव्यात जुनी पुस्तकं नीट बाइंड करून देणारं कुणी आहे का असं मी मागच्या वर्षी खूप जणांना विचारलं होतं, कुणाला धड सांगता आलं नाही, आता मला एक जण सापडलेत तर सविस्तरच लिहिते, माझ्यासारखं कुणी शोधत असेल तर उपयोग होईल.

आधी पुस्तकाबद्दल. आमच्या आजीचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, 1958 साली तिच्या लग्नात मिळालेलं. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, मी मिरजेला नर्सिंग केलं आणि नोकरीसाठी इथे आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. आजी गेल्यावर ते शास्त्र आईने माझ्याकडे दिलं. मी कापडात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवलं आणि खरं सांगायचं तर ते तिथेच राहिलं. रोज सकाळी फोनवर एक वचन यायचं ते वाचायचे, ड्युटीला पळायचे. रविवारची उपासना चुकत नव्हती, जेवणाआधीची प्रार्थना चालू होती, पण बसून एक अख्खा अध्याय वाचलाय असं बरीच वर्षं झालं नव्हतं. यंदा जूनमध्ये कपाट उघडलं तर वास. गोव्याचा पाऊस माहितीच आहे, चपलांना पण बुरशी येते. पुठ्ठा हातात आला, शिलाई दोन ठिकाणी पूर्ण तुटलेली, कडेला कसर लागलेली. मी तिथेच खाली बसून रडले.

एका झेरॉक्सवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला स्पायरल करून देतो. स्पायरलला भोकं पाडावी लागतात, शास्त्राला आतला समास केवढा असतो, अक्षरंच गेली असती. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की नवीन घ्या, त्यापेक्षा स्वस्त पडेल. खरं आहे, नवीन स्वस्तच पडतं, पण मला नवीन नको होतं.

मग हॉस्पिटलमधल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं की म्हापसा मार्केटच्या मागच्या बाजूला एक म्हातारे काका आहेत, भजनाच्या पोथ्या आणि देवळाच्या वह्या बांधतात. दुकानाला पाटी नाही, जुन्या घराच्या बाल्कांवातच, म्हणजे ओसरीवरच, काम चालतं. शोधायला अर्धा तास लागला.

काकांनी शास्त्र हातात घेतलं आणि लगेच उघडलं नाही. आधी मिटलेलंच आडवं धरून कडेकडे बघत राहिले. मग मला दाखवलं. पानांची कड बाहेरून बघितली तर मधोमध एक काळपट पट्टा होता, बोटं लागून लागून झालेला, तो स्तोत्रसंहितेचा भाग. पुढे एक बारीकसा पट्टा, तो योहानाच्या शुभवर्तमानाचा. शिलाई तुटलेली होती ती नेमकी या दोन ठिकाणी. मग म्हणाले, "बाय, हें कोण वाचता?" मी म्हटलं आजी वाचायची. त्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं, "तुका वाचपाक जाय काय दवरपाक?" म्हणजे तुला वाचायला हवंय की ठेवायला.

मला आधी वाटलं की सहज विचारतायत. पण त्यांनी समजावलं की दोन्हींचं काम वेगळं असतं. ठेवायचं असेल तर पाठ कडक करतात, कपाटात उभं राहिलं की छान दिसतं, पण उघडताना जोर लावावा लागतो. वाचायचं असेल तर फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करून, जुना सरस खरवडून, मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा एकेक शिवायचा आणि पाठ मऊ ठेवायची, म्हणजे टेबलावर ठेवलं की आपोआप सपाट उघडं राहतं, हाताने धरून ठेवायला लागत नाही. दिसायला थोडं साधं, पण रोजच्या वापराला टिकतं.

मला दोन मिनिटं उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षं मी ते ठेवतच होते ना. शेवटी म्हटलं वाचायला, काका, वाचायलाच करा. तोंडातून शब्द गेला आणि तेव्हाच मला कळलं की हा शब्द मी फक्त काकांना दिलेला नाही.

कामाबद्दल अजून एक गोष्ट आवर्जून सांगते. बाइंडिंग झालं की तिन्ही बाजू मशीनवर कापून सरळ करतात, सगळीकडेच करतात. काकांनी पानं चाळली आणि म्हणाले कटिंग करत नाही, कडेला लिहिलेलं जाईल. तोपर्यंत मी ते नीट बघितलंच नव्हतं! आजीने पेन्सिलने समासात तारखा आणि एकेक ओळ लिहून ठेवलीय. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायापाशी, जिथे अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असं आहे, तिथे लिहिलंय, "1972. खडी फोडायला गेलो." एवढंच. ज्यांच्या घरात 72 चा दुष्काळ झालाय त्यांना अजून काही सांगायला नको. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली बाई रात्री दिव्याशी बसून हबक्कूक वाचते, आणि मी पंख्याखाली बसून वेळ नाही म्हणते. हे मला कुठल्याही प्रवचनाने सांगितलं नव्हतं.

किंमत साडेसहाशे रुपये. पुठ्ठा नवीन, वर काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरात पवित्र शास्त्र, फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या. खळ ते घरीच शिजवतात, मैद्याची, त्यात मोरचूद घालतात म्हणजे पुन्हा कसर लागत नाही. अ‍ॅडव्हान्स घेतला नाही, पावती दिली नाही, फक्त म्हणाले फुडल्या शुक्रारा यो. शास्त्रातल्या 2 राजे या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात योशीया राजा मंदिराची दुरुस्ती काढतो तेव्हा सांगतो की सुतार गवंड्यांकडून पैशाचा हिशेब मागू नका, ते इमानाने काम करतात, मला बाल्कांवाच्या पायऱ्या उतरताना तेच आठवलं. आणि त्याच दुरुस्तीच्या वेळी नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. मंदिरातच होता तो, दुसरीकडे कुठे नाही. राजा ऐकतो आणि कपडे फाडतो, मग सगळ्या लोकांसमोर करार नवा करतो. हा भाग मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केला होता पण माझ्या कपाटातला वरचा खण डोळ्यांसमोर आला तो यंदाच.

कमी काय वाटलं तर वेळ. शुक्रवार म्हणाले होते तो पाऊस म्हणून पुढे गेला, खळ वाळत नव्हती, घाईने दिलं तर पानं चिकटतील म्हणाले, शेवटी सव्वीस दिवस लागले. फोन ते उचलत नाहीत. दुपारी एक ते चार बंद. शुक्रवारी बाजाराचा दिवस असल्याने गाडी लावायला जागा मिळत नाही, शक्यतो मंगळवार बुधवार बघा. पावसात पुस्तक प्लास्टिकमध्ये बांधून नेऊ नका, आत दमट होतं, आधी सुती कापड आणि मग वरून पिशवी असं त्यांनीच सांगितलं.

त्या सव्वीस दिवसांत एका रविवारी आमच्या पाळकांनी फादर स्टीफन्सबद्दल सांगितलं. मूळचे इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात आले, इथे राहून मराठी शिकले आणि ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये लिहिली, ओव्या जवळजवळ अकरा हजार. राचोलला, म्हणजे रायतूरला, 1616 मध्ये ती छापली, रोमन लिपीत. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. राहिल्या त्या लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रती, कारण लोक त्या म्हणत होते, ऐकत होते. मी पूर्ण उपासनाभर आजीच्या पेन्सिलचा विचार करत होते.

जुलैत शास्त्र घरी आलं. खरंच सपाट उघडं राहतं. आम्ही ठरवलं, एका दिवशी एकच अध्याय, रात्री जेवण झाल्यावर, मोठ्याने, आळीपाळीने. एकूण 1189 अध्याय आहेत, म्हणजे सव्वातीन वर्षं लागतील, लागू देत. पूर्वी मी जानेवारीत एका वर्षात संपवायचं ठरवायचे, रोज तीन-चार अध्याय, फेब्रुवारीत सुटायचं आणि मग अपराधी वाटून शास्त्राकडेच जायला नको व्हायचं. आता नाइट ड्युटीमुळे पाच-सहा दिवस चुकले पण दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे, विलापगीतात म्हटलंय तशी त्याची करुणा रोज सकाळी नवी असते तर आपणही रोज नव्याने बसायचं. नवऱ्याला सुरुवातीला अवघड गेलं, वेर्ण्याहून यायला उशीर होतो, आता तोच विचारतो आज कुणाची पाळी. मुलगा तेरा वर्षांचा, इंग्लिश मिडियम, मराठी अडखळत वाचतो, पण आजीच्या नोंदी शोधायची त्याला भारी आवड लागलीय.

सध्या आम्ही गणना या चौथ्या पुस्तकात आहोत. सातवा अध्याय एकोणनव्वद वचनांचा, बारा सरदार बारा दिवस एकसारखंच अर्पण आणतात आणि शास्त्रात बाराही वेळा ते पूर्ण लिहिलंय, तेच चांदीचं ताट, तोच सोन्याचा धूपाचा चमचा. मुलगा वैतागला, एकदाच लिहून बाकीच्यांचं पण सेम असं का नाही लिहिलं म्हणे. मी म्हटलं, प्रत्येकाचं वेगळं मोजलंय ना. बाराव्याने आणलं तरी ते जुनं झालं नाही देवाला.

तो जरा वेळ गप्प बसला. मग विचारलं, इथे पणजीने काहीच लिहिलेलं नाही का. नव्हतं लिहिलेलं, त्या पानाचा समास पूर्ण कोरा होता. तो उठला, दप्तरातून पेन्सिल आणली आणि कालची तारीख टाकली.