मराठी स्लाइडसाठी लिब्रेऑफिस इम्प्रेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

शिक्षण परिषद असो, ग्रामसभा असो की शेतकरी मेळावा, स्लाइड मराठीतच लागतात आणि समोर कुठला लॅपटॉप, कुठला प्रोजेक्टर येईल याचा भरवसा नसतो. हिंगोली-परभणीकडच्या गावांत वीज आणि रेंज दोन्ही जाणार, हे धरूनच चालावं लागतं. त्यामुळे पॉवरपॉइंटला पर्याय शोधताना दोन अटी ठेवल्या: नेटशिवाय चाललं पाहिजे आणि मराठी अक्षर बिघडता कामा नये.

गूगल स्लाइड्स चौघांनी मिळून तयारी करायला उत्तम. पण ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवावी लागते, तीही क्रोम किंवा एजमध्ये आणि त्याच लॅपटॉपवर. ऐनवेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तिचा उपयोग शून्य. सभागृहासाठी इम्प्रेसच, म्हणजे लिब्रेऑफिस या ऑफिस संचातला स्लाइडचा प्रोग्रामच घ्या, असं आता ठामपणे सांगता येतं. फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे आणि २०१० मध्ये लिब्रेऑफिस ओपनऑफिस या आधीच्या मुक्त संचापासून वेगळं झाल्यापासून त्यावर सतत काम चालू आहे.

खरी मेख फॉन्टची. इम्प्रेस इंग्रजी आणि देवनागरी मजकुराचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा वेगवेगळा साठवतं. हे माहीत नसलं की एकाच ओळीत इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी बारीक दिसतात, आणि माणूस सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. आधी टूल्स, ऑप्शन्समधल्या लँग्वेजच्या पानावर जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) मराठी निवडा. मग मास्टर स्लाइड, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा उघडा, एफ११ दाबून स्टाइल्स काढा, आणि शीर्षक व मजकूर यांच्या स्टाइलमध्ये दोन्ही लिप्यांचा आकार सारखा करा. शीर्षक ४०, मजकूर २८ ठेवला तर वर्गाच्या शेवटच्या बाकावरूनही वाचता येतं. हे एकदा करून टेम्प्लेट म्हणून जतन केलं की पुन्हा त्रास नाही.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. फाइल, प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या टॅबवर ‘एम्बेड फॉन्ट्स’वर खूण केली की फॉन्ट फाइलसोबत जातो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या स्लाइड मात्र आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलून घ्या. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ गिचमिड दिसते.

पीपीटीएक्सच्या, म्हणजे पॉवरपॉइंटच्या फाइलच्या देवाणघेवाणीत थोडी पडझड होते, हे मान्य करायला हवं. मॉर्फ हा एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचा पॉवरपॉइंटचा परिणाम इम्प्रेसमध्ये चालत नाही. स्मार्टआर्ट, म्हणजे पॉवरपॉइंटमधल्या तयार आकृत्या, साध्या आकृतीसारखं दिसतं. सर्वांत जास्त छळतं ते मजकूर आपोआप लहान होणं: दोन्ही प्रोग्राम हा हिशोब वेगळा करतात, त्यामुळे मात्रा-वेलांट्यांनी उंच झालेल्या ओळी चौकटीबाहेर सांडतात. फॉरमॅट, टेक्स्ट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ऑटोफिट बंद करा, आकार स्वतः ठरवा, आणि एका स्लाइडवर सहाच्या वर ओळी नकोतच. मूळ प्रत ओडीपीमध्येच, म्हणजे इम्प्रेसच्या स्वतःच्या फाइल प्रकारात ठेवावी, पीपीटीएक्स फक्त द्यायला.

व्हिडिओ घालताना ‘लिंक’वरची खूण काढा, नाहीतर पेनड्राइव्हवर फक्त फाइल जाते आणि व्हिडिओ घरच्या संगणकावर राहतो. फोटोंनी फाइल फुगली तर टूल्समधलं मिनिमाइझ प्रेझेंटेशन वापरा. प्रोजेक्टरसाठी चित्रांची स्पष्टता १५० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरेशी आहे.

शाळांतले बरेच जुने प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ चे, म्हणजे ४:३ चे आहेत. १६:९ ची स्लाइड त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून आखूड दिसते. ठिकाण आधी कळलं तर स्लाइड प्रॉपर्टीजमधून ४:३ करूनच मांडणी सुरू करा. मागाहून बदलली की चित्रं सरकतात. टिपणं आपल्या पडद्यावर दिसायला विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावं लागतं. ‘डुप्लिकेट’ असेल तर प्रेझेंटर कन्सोल, म्हणजे टिपणांचा तो पडदा, वेगळा येत नाही. जुन्या ग्राफिक्सवर स्लाइड शो लुकलुकला किंवा काळा पडला, तर ऑप्शन्समधल्या व्ह्यूच्या पानावर स्किया (पडद्यावर चित्र काढणारा लिब्रेऑफिसचा भाग) सॉफ्टवेअर रेंडरिंगची सक्ती करून पाहा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

पेनड्राइव्हवर तीन गोष्टी ठेवा: ओडीपी, पीडीएफ आणि लिब्रेऑफिसची पोर्टेबल आवृत्ती. ती विंडोजच्या कुठल्याही लॅपटॉपवर इन्स्टॉल न करता चालते. पोर्टेबल पहिल्यांदा उघडायला वेळ घेते, तेव्हा पाहुण्यांचा सत्कार चालू असतानाच उघडून ठेवा. अगदीच काही चाललं नाही तर पीडीएफ अ‍ॅडोब रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि एल दाबा. अ‍ॅनिमेशन जातं, मराठी अक्षर शाबूत राहतं.